तीन नंबर गेटचा डायलॉग

मंगळीने अंगठा पुढे केला नाही.

लडकू वॉचमनने शाईचा पॅड टाइम ऑफिसच्या खिडकीच्या कठड्यावर सरकवला आणि दोनदा म्हणाला, "लाव गं बाई, मागं रांग हाय." मंगळीने दोन्ही हात पदराआड घेतले. गजांच्या पलीकडे बसलेल्या जयवंताकडे सरळ बघत ती म्हणाली, "अंगठा लावायची नाय मी. मला सही येते."

१९८९ सालचा फेब्रुवारी. खालापूरपासून तीन-चार मैलांवरच्या त्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात कामगारांचे नवे पास कॉम्प्युटरवर काढायला सुरुवात होऊन चार दिवस झाले होते. कारखान्याला गेटं तीन. एक नंबर साहेबलोकांचं, दोन नंबर मशीनवरच्या कामगारांचं आणि मागच्या ओढ्याकडून येणारं तीन नंबर. डोंगरातल्या वाड्यांवरून खोकी दुमडायला आणि गठ्ठे बांधायला येणाऱ्या ठाकूर बायका या तीन नंबरने आत यायच्या. पहाटे निघायचं, दोन डोंगरधारा उतरायच्या आणि आठच्या भोंग्याला हजर व्हायचं.

जयवंता हरपुडे पोशीरची. घरची भातशेती. बारावी झाली, कर्जतला टायपिंगची परीक्षा दिली, कल्याणला जाऊन सहा महिने कॉम्प्युटरचा क्लास केला आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी या कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी आणि पास बघणाऱ्या खात्यात, लागली. अजून कायम झाली नव्हती; प्रोबेशनचे तीन महिने उरले होते. पोशीरहून रोज येणं जमण्यासारखं नव्हतं म्हणून खालापुरात गोदूबाई आत्याकडे राहायची.

पासाचा प्रोग्रॅम मुंबईच्या आल्मेडा नावाच्या माणसाने लिहिला होता. तो दर गुरुवारी यायचा. पडद्यावर 'नवा पास' असं लिहिलेलं होतं, तिथे माउसने टिचकी मारली की एक चौकट उघडायची. आल्मेडा तिला डायलॉग म्हणायचा. त्यात नाव, आडनाव, जन्मतारीख, शिक्षण भरायचं, सही की अंगठा यातल्या एकावर ठिपका द्यायचा आणि ओके दाबायचं. मग प्रिंटर करकरत पास बाहेर काढायचा. दोन नंबर गेट निवडलं तर चौकट कोरी यायची. तीन नंबर निवडलं तर भरूनच यायची. आडनाव: ठाकूर. शिक्षण: निरंक. जन्म: एक जून. ठिपका अंगठ्यावर. ऑपरेटरने टंकायचं ते फक्त पहिलं नाव. बाकीचे रकाने पुसट करड्या रंगात असायचे, त्यांवर माउस नेऊन कितीही टिचक्या मारा, ढिम्म हलायचे नाहीत.

चार दिवसांत जयवंताने साठ पास असे छापले होते. तिच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. टायपिंग वाचतंय, बरं आहे, एवढंच तिच्या मनात आलं होतं.

"काय लिवलंस माझ्यावर? वाचून दाव," मंगळी म्हणाली.

पास इंग्रजीत होता. जयवंताने वाचला. "मंगळी ठाकूर. शिक्षण काही नाही."

मंगळी तिशीची, काटक, कपाळावर गोंदलेली. ती हसली, पण ते हसू बरं नव्हतं.

"ठाकूर माझी जात हाय. आडनाव निरगुडा. तुझं आडनाव काय?"

"हरपुडे."

"तुज्या पासावर कुणबी लिवलाय का?"

मंगळीने कमरेची पिशवी सोडली. तिच्यातून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला, घडीवर विरलेला दाखला काढला आणि गजांतून आत दिला. आश्रमशाळेचा होता. मंगळी धाऊ निरगुडा, इयत्ता चौथी उत्तीर्ण.

"धाऊ माजा बाप. त्यानं मला साळंत घालाया दोन कोंबडं इकलं. ते पुसून तू काय नाय म्हणून लिवतंस?"

जयवंताने चौकट पुन्हा उघडली. शिक्षणाच्या रकान्यावर टिचकी मारली. पुन्हा मारली. मशीनने नुसतं टूं केलं.

"होत नाही गं," ती म्हणाली. "मशीन घेत नाही."

"मशीनला कुणी सांगलं तसं?"

साधा प्रश्न होता. जयवंता उठून पर्सोनेल ऑफिसर टिपणीससाहेबांच्या केबिनमध्ये गेली.

टिपणीससाहेब वाईट माणूस होता असं कुणी म्हणालं नसतं. दिवाळीला टाइम ऑफिसला स्वतः पेढे वाटायचा. त्याने तिचं म्हणणं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"मीच सांगितलं आल्मेडाला. तीन नंबरला तीनशे बायका. एकेकीला आडनाव काय, जन्म कधीचा विचारत बसलीस तर मे महिना उजाडेल. त्यांना स्वतःला तरी माहीत असतं का?"

"हिला माहीत आहे, सर. चौथी पास आहे. दाखला आहे."

"असेल एखादी."

"आठ बायका परमनंट करायच्यात ना, सर? नोटीस लागली आहे. चौथी पास पाहिजे आणि शिक्षण पासाच्या नोंदीवरून बघणार, असं लिहिलंय त्यात."

टिपणीससाहेबाने चष्मा डोळ्यांवर चढवला. "दोन नंबरला चौथी पास बायका पुष्कळ आहेत. तू पास छाप. अंगठा नसेल तर पास नाही, पास नसेल तर काम नाही. जा."

जयवंता बाहेर आली. तिने निरोप सांगितला तेव्हा मंगळी रागावली नाही, रडलीही नाही. दाखल्याची घडी घातली, तीन नंबर गेटच्या बाहेर गेली आणि तिथल्या करंजाच्या झाडाखाली फतकल मारून बसली. संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत बसून राहिली. घरी जाताना लडकूला म्हणाली, "उद्या बी येणार हाय. कामाला नाय. बसाया."

त्या संध्याकाळी गोदूबाईने भाकरी थापता थापता विचारलं, "काय गं, तोंड का पाडलंस?"

जयवंताने सगळं सांगितलं. डायलॉग म्हणताच आत्या थांबली. "डायलॉग? सिनेमातला?"

"तसाच. मशीन विचारतं, आपण सांगायचं. पण इथं मशीन आपल्या आधीच सांगून मोकळं होतं."

"मग तुजं तिथं काम काय?" गोदूबाईने तव्यावरची भाकरी उलटली. "गप बसायचा पगार देतात?"

गोदूबाईचं बोलणं असंच होतं. खालापूर आणि आसपासच्या गावांत तिने चाळीस वर्षं सुईणपण केलं होतं. पाटलाची सून असो की वाडीवरची पोर, तिने तोंडावर सुनावलं नाही अशी बाई नव्हती.

मंगळवारी झाडाखाली अकरा बायका होत्या. त्यांनी आधी घेतलेले पास लडकूच्या टेबलावर आणून टाकले होते. "आमचं आडनाव लिवून द्या, मग येतो आत," असं त्यातली ठकी नावाची म्हातारी सांगत होती. लडकूने पास गोळा केले, ते जयवंताकडे आणून ठेवले आणि हळूच म्हणाला, "माजी बायको म्हणते, बरोबर हाय त्यांचं."

जेवणाच्या सुट्टीत जयवंताने डबा उघडलाच नाही. आल्मेडा मशीनवरच प्रोग्रॅम दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याचा लिहिलेला सगळा मजकूर तिथेच होता; लांबच लांब जोडकागदावरचा त्याचा छापील गठ्ठाही कपाटात पडला होता. कल्याणच्या क्लासमध्ये बेसिक नावाची भाषा शिकवली होती, ही सी नावाची होती. पण तिथे शिकलेली एक गोष्ट तिला ठाऊक होती. प्रोग्रॅम वरून खाली वाचत जायचं, एक ओळ दुसरीला बोलावते, तिच्या मागे जायचं. ती पेन्सिल घेऊन मागे लागली.

चौकट उघडणारी ओळ सापडली. ठीक. तिने त्या ओळीच्या वर स्वतःची एक ओळ घातली: आडनावाचा रकाना कोरा कर. बदललेला प्रोग्रॅम चालण्याजोगा पुन्हा बांधायला मशीनने वीस मिनिटं घेतली. चौकट उघडली. आडनाव: ठाकूर. तिची ओळ वायाच गेली होती, कारण ती चालली त्या वेळी चौकट जन्मालाच आली नव्हती. रिकामं करायला रकाना कुठून असणार?

मग तिने तीच ओळ खाली घातली, चौकट उघडल्यानंतर. पुन्हा वीस मिनिटं. चौकट उघडली. ठाकूर. तिने ओके दाबलं, चौकट मिटली आणि मग तिची ओळ चालली. चौकट उघडी असेपर्यंत प्रोग्रॅम त्या ओळीवर खोळंबून राहत होता. पुढे सरकायचा तो चौकट मिटल्यावरच.

वर घालून लवकर होत होतं, खाली घालून उशीर. मधे तर जागाच नव्हती.

सुट्टी कधीच संपली होती. ती पास छापायला बसली, पण तीन नंबरच्या खिडकीवर कुणी आलं नाही. दुमडायच्या खोक्यांचे ढीग शेडच्या दाराबाहेर आले होते.

दिवसपाळी सुटल्यावर तिने गठ्ठा पुन्हा उघडला आणि सातव्या पानावर तिला ते सापडलं. एक फंक्शन, म्हणजे एकच काम करणाऱ्या ओळींचा संच. त्यात सरळ लिहिलेलं: गेट तीन असेल तर आडनाव ठाकूर, शिक्षण निरंक, जन्म एक जून, ठिपका अंगठ्यावर, आणि हे चारही रकाने बंद. हेच ते. पण या फंक्शनला बोलावलं कुणी होतं? तिने पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत पेन्सिल फिरवली. अख्ख्या प्रोग्रॅममध्ये त्याला कुठेच हाक नव्हती. त्याचं नाव फक्त एका जागी होतं, चौकट उघडणाऱ्या ओळीत, चौकटीच्या हाती सोपवलेलं. सोबतच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात तिने ते पान काढलं. तिथे लिहिलं होतं की हे फंक्शन तुम्ही बोलवायचं नाही. तुम्ही फक्त त्याचा पत्ता देऊन ठेवायचा. चौकट तयार झाली, रकाने जागेवर बसले, पण अजून पडद्यावर दिसली नाही, त्या नेमक्या क्षणाला ती स्वतः त्या फंक्शनला परत हाक मारते आणि 'इनिट-डायलॉग', म्हणजे चौकट मांडून घे, असा निरोप देते. काय भरायचं, काय मोकळं ठेवायचं, काय बंद करायचं, ते तेव्हा.

तिने घरी जाऊन गोदूबाईला हे सांगायचा प्रयत्न केला. गोदूबाई ऐकत होती, लसूण सोलत होती.

"आमच्यासारकंच की," ती म्हणाली. "पोटुशीच्या घरी आधी जाऊन बसलं तर नुसता चहा पिऊन यायचं. मागनं गेलं तर दुसरीनंच नाळ कापलेली. सांगून ठेवतात आदी, हाक येते ती कळ उठल्यावर. तवा धावायचं." मग तिने लसणाची पाकळी सुरीने ठेचली. "पण एक सांगू का, पोर बाहेर यायच्या आदी त्याच्या कपाळावर काय लिवायचं, ते सुईण नाय ठरवत. ते काम सटवीचं. या तुज्या आल्मेड्याला कुणी सटवी केला?"

जयवंता हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

बुधवारी सकाळी झाडाखाली चाळीस बायका होत्या. काही जणी लेकरं घेऊन आल्या होत्या. कुणी ओरडत नव्हतं. टिपणीससाहेब गाडीतून उतरला, लांबून पाहिलं आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळी पुण्याच्या एका कंपनीचा ट्रक खोकी भरायला येणार होता.

जयवंताने सुट्टीची वाट पाहिली नाही. आल्मेडाचं जुनं फंक्शन जसंच्या तसं ठेवून तिने शेजारी नवं लिहिलं, वेगळ्या नावाने. त्यात गेट विचारलंच नाही. सगळे रकाने कोरे, सगळे उघडे, ठिपका कशावरच नाही, आणि चमकणारी रेघ आडनावाच्या रकान्यात उभी. मग चौकट उघडणाऱ्या ओळीत जुन्याऐवजी नव्याचा पत्ता दिला. प्रोग्रॅम बांधला. 'नवा पास'वर टिचकी मारली.

पडदा गोठला. माउस हलेना. कळा दाबून उपयोग झाला नाही. तिने मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तेच. तेवढ्यात दोन नंबरच्या खिडकीवर माणसं जमली होती; आता त्यांचेही पास निघेनात. दहा मिनिटांत टिपणीससाहेब येऊन तिच्या मागे उभा राहिला.

"काय केलंस?"

"प्रोग्रॅम बदलत होते, सर. कुठेतरी चुकलंय."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "तू टायपिस्ट आहेस, जयवंता. उद्या आल्मेडा येईल, नीट करेल. आणि तू मला माफीचं पत्र लिहून दे. तुझी फाइल माझ्याच टेबलावर आहे, लक्षात ठेव."

मशीनवरच्या कामगारांपैकी कुणीतरी खिडकीतून म्हणालं, "पोरीनं खेळ केला सगळा." पत्रासाठी पुढे ओढलेला कागद तिने तसाच कोरा ठेवला आणि पुस्तक उघडलं.

दुपारी तीन वाजता तिला चूक दिसली. ज्या फंक्शनला बाहेरून हाक यायची असते त्याचं नाव एका वेगळ्या यादीत टाकावं लागतं, नाहीतर हाक मारणाऱ्याला ते घर सापडत नाही आणि सगळं कोसळतं. जुन्याचं नाव यादीत होतं. नव्याचं टाकायचं राहून गेलं होतं. एक ओळ. तिने ती लिहिली. वीस मिनिटं ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली.

चौकट उघडली. कोरी. आडनावाच्या रकान्यात रेघ चमकत होती.

ती खुर्चीतून उठली, मागच्या दाराने शेडमधून आरपार गेली आणि तीन नंबर गेटच्या बाहेर, करंजाखाली जाऊन उभी राहिली. "मंगळीबाई," ती म्हणाली, "चल. आडनाव सांग."

पहिला पास तिने स्वतःच्या हातांनी छापला. मंगळी धाऊ निरगुडा. चौथी पास. जन्म? "होळीच्या आदी पाच दिवस," मंगळी म्हणाली, "बाप सांगायचा. साल दाखल्यावर हाय." जयवंताने भिंतीवरच्या पंचांगातून आणि आडाख्याने तारीख बसवली. मंगळीने पेन उलट्या बाजूने धरलं, मग नीट धरलं आणि दाबून, एकेक अक्षर करून सही केली. शेवटचा 'डा' चौकोनाबाहेर गेला. लडकूने शाईचा पॅड बंद करून बाजूला सरकवला.

मागे ठकी, मग बाकीच्या. उघडा, पुंजारा, हिंदोळा, वाघ. ज्यांना सही येत नव्हती त्या अंगठा लावत होत्या, पण आधी जयवंता विचारत होती, "सही की अंगठा?" काही जणी तो प्रश्न ऐकून घटकाभर थांबत, हसत, मग बोट पुढे करत. ट्रक आला तेव्हा सव्वीस पास झाले होते. त्या सव्वीस जणी आत गेल्या, खोकी दुमडली आणि ट्रक भरून गेला.

गुरुवारी आल्मेडा आला. पन्नाशीचा, वसईकडचा, मराठी साफ बोलायचा. टिपणीससाहेबाने त्याला केबिनमध्ये बोलावलं, जयवंतालाही. माफीचं पत्र आलं नव्हतं.

"आल्मेडा, जुनं होतं तसं करून दे. आत्ता."

आल्मेडा आधीच मशीनवर बसून सगळं बघून आला होता. तो जयवंताकडे वळला. "जुनं फंक्शन तू पुसलं नाहीस."

"नाही."

"का?"

"ते तुमचं आहे. माझं मी वेगळं लिहिलं."

"यादीत नाव टाकायचं कुणी सांगितलं?"

"पुस्तकाने. आधी विसरले होते. अर्धा दिवस बंद पडलं."

"माझं पहिल्यांदा दोन दिवस बंद होतं," आल्मेडा म्हणाला.

टिपणीससाहेबाने टेबलावर बोटं वाजवली. "मी काय सांगितलं?"

"एक ओळ बदलायची आहे, साहेब. एका मिनिटाचं काम."

"मग कर."

"सर," जयवंता म्हणाली. "करायचं असेल तर आधी लेखी द्या. तीन नंबर गेटच्या बायांनी आडनाव काहीही सांगितलं तरी ठाकूर लिहावं. दाखला दाखवला तरी शिक्षण निरंक लिहावं. सही येत असली तरी अंगठा घ्यावा. असं लिहा आणि खाली तुमची सही करा. ते पत्र मी खिडकीवर चिकटवते, म्हणजे बाया मला विचारणार नाहीत."

"तू मला शिकवतेस?"

"तुम्ही तोंडी सांगितलंत, यांनी लिहिलं, मी छापलं. साठ पास छापले, सर. ती माझी चूक आहे आणि त्या साठ जणींची माफी मी मागणार आहे. तुमची मागणार नाही."

आल्मेडाने खिडकीबाहेर पाहिलं. मग तो शांतपणे म्हणाला, "साहेब, पत्र मलाही लागेल. मागच्या वेळी तोंडी घेतलं, तेव्हाच चुकलो. लिहिणाऱ्याचे हात माझे होते."

टिपणीससाहेबाने खरंच कागद ओढला. पेनाचं टोपण काढलं. दोन ओळी लिहिल्या. तिसऱ्या ओळीवर थांबला. त्याने जे लिहिलं होतं ते वाचलं. कागदावर ते केबिनमध्ये बोलल्यासारखं दिसत नव्हतं. त्याने टोपण लावलं, कागदाच्या दोन घड्या केल्या आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

"राहू दे आहे तसं," तो म्हणाला. "आणि तुझं कन्फर्मेशन तू विसर."

"बरं," जयवंता म्हणाली आणि पास छापायला गेली.

तीनशे पासांना मे उजाडला नाही. मार्चच्या चौदा तारखेला संपले. आठ बायका परमनंट झाल्या त्यात तीन नंबरच्या तिघी होत्या. मंगळी त्यात नव्हती. तिला मुलाखतीला बोलावलं आणि "गेटवर बसणारी ती हीच का?" असं विचारून परत पाठवलं. मंगळी म्हणाली, "हीच," आणि लडकूच्या बायकोचा भाऊ युनियनमध्ये होता, त्याच्याकडे सरळ जाऊन दुसऱ्या दिवशी तक्रार दिली. सही करून. ती तक्रार वर्षभर चालली. जयवंताचं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं, मग आणखी सहा महिन्यांनी. तिने नोकरी सोडली नाही. काढायचं तर काढा, म्हणाली. तो प्रोग्रॅम आता कारखान्यात तिच्याशिवाय कुणाला समजत नव्हता, आणि आल्मेडाने दर गुरुवारी येणं महिन्यातून एकदावर आणलं होतं.

त्याच वर्षीचा पावसाळा सरला आणि ठाकुरवाडीच्या बाजूने कातकऱ्यांची काही माणसं नव्याने कामाला आली. त्यात कोंडी नावाची बाई होती, कडेवर पोर, दातांत मिश्री. खिडकीवर येऊन तिने नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, अंगठा म्हणाली. जयवंताने पुढचा रकाना वाचला.

"नवऱ्याचं नाव?"

"ते नको."

"लिहावं लागतं गं. नाहीतर ओके होत नाही."

"का होत नाय?" कोंडीने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. "तो गेला सोडून, दोन पावसाळं झालं. तो पास मी छातीवर लावायची ना? त्याचं नाव मी छातीवर कशाला मिरवू?"

रांगेतल्या बायका खळखळून हसल्या. जयवंता हसली नाही. ती पडद्याकडे बघत होती. नवऱ्याच्या नावाचा रकाना आणि तो भरल्याशिवाय बाईच्या पासाचं ओके उघडू न देणारी ओळ आल्मेडाची नव्हती. टिपणीससाहेबाचीही नव्हती. ती तिने स्वतः लिहिली होती, मार्चमध्ये, कुणी सांगितलेलं नसताना, तसंच असतं म्हणून.

"बस जरा सावलीला," ती कोंडीला म्हणाली. "वीस मिनिटं लागतील."

तिने सातवं पान उघडलं. टिपणीससाहेब फायली घेऊन मागून चालला होता, तो थबकला. "आता काय करतेस?"

"बदलतेय," जयवंता म्हणाली आणि मान वर न करता टंकत राहिली.